इस्पितळात आधी कोणते मूल तपासावे?



पार्से गावातील एखादे मूल एकाएकी अत्यवस्थ झाले, तर पालक त्याला जवळच्या तुये येथे किंवा शापोरा नदी ओलांडून म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात नेतात. आजार गंभीर असल्यास बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकाही मागविता येते. परंतु इस्पितळाच्या दारात पोहोचल्यानंतरची पहिली काही मिनिटे प्रवासाइतकीच मोलाची असतात.

तेथे पुष्कळदा तक्रार ऐकू येते की, आधी आलेले मूल बाहेर आणि मागाहून आलेले आत, हा कुठला न्याय? रास्त भावाच्या दुकानात रांगेचा नियम योग्यच होय. तातडीच्या विभागात मात्र आजाराच्या गांभीर्यावरून क्रम ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रशिक्षण पुस्तिकेत मुलांचे तीन गट केलेले आहेत. श्वास कोंडणे, जीभ निळसर पडणे, हातपाय गार पडून नाडी जलद व क्षीण होणे, बेशुद्धी, आकडी, किंवा जुलाबाने डोळे खोल जाऊन मूल गळून पडणे, यांपैकी काही आढळल्यास तत्क्षणी उपचार सुरू करावयाचे असतात. दोन महिन्यांहून लहान अर्भक, तीव्र ताप, भाजणे, विषबाधा, फार फिकटपणा किंवा कुपोषण असल्यास मुलाला रांगेत पुढे घेतात. उरलेली मुले आपापल्या क्रमाने तपासली जातात.

मलावी देशातील ब्लांटायर येथील मोठ्या इस्पितळात या पद्धतीनुसार बालविभागाची फेररचना करून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, दाखल मुलांच्या मृत्यूचे प्रमाण शेकडा १० ते १८ वरून ६ ते ८ वर आले.

येथे एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. मोठ्याने रडणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते; पण मातेच्या खांद्यावर निपचित पडलेले मूल अनेकदा अधिक धोक्यात असते. ते झोपले आहे असे समजून पालक मुकाट्याने रांगेत बसतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. म्हणून वरीलपैकी कोणतेही लक्षण दिसताच पालकांनी दारातील परिचारिकेला ते स्पष्ट शब्दांत सांगावे. आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी असल्यास ती प्रथम दाखवावी. विषबाधेची शंका असल्यास औषधाची बाटली सोबत न्यावी. आकडी आलेल्या मुलाला कांदा किंवा वहाण हुंगविण्यात वेळ दवडू नये; तोंडात काही न घालता त्याला कुशीवर वळवावे.

शिक्षकांनी ही लक्षणे पालकसभेत समजावून द्यावीत, पंचायतीने ती फलकावर लावावीत. दुसऱ्याचे मूल आधी आत नेले, तर त्याला वाट करून द्यावी. उद्या तीच वाट आपल्या मुलासाठीही मोकळी होईल.