‘पिक इट अप’ की ‘पिक अप इट’?

ग्वाल्हेर स्टेशनवर उतरून शहरातल्या पडाव भागात जायचं, तर इंग्रजीत ‘गो टू पडाव’. पण ‘तिथे जा’ म्हणताना नुसतं ‘गो देअर’. ‘देअर’ हे क्रियाविशेषण असल्यामुळे ‘टू’ लागत नाही.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मराठीही चालते, हिंदीही. ‘माझ्यासाठी’ म्हणा किंवा ‘मेरे लिए’, आधी सर्वनाम, मग शब्दयोगी अव्यय. इंग्रजीत क्रम उलटा: ‘फॉर मी’, ‘विथ हर’. सर्वनामाचं रूप मात्र तिथेही बदलतं. म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’. ‘अँड आय’ नव्हे.

खरी गंमत जोडक्रियापदांत आहे. ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’, दोन्ही चालतं. पण बॅगेऐवजी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’. इथला ‘अप’ क्रियाविशेषण आहे. ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ मात्र शब्दयोगी अव्ययाचं काम करतो, म्हणून तिथे ‘लुक आफ्टर इट’ असंच म्हणायचं.

तेव्हा अशी क्रियापदं सुटी पाठ करू नका. ‘पिक इट अप’, ‘लुक आफ्टर इट’ अशी सर्वनामासकट म्हणा. क्रम आपोआप तोंडात बसेल.