शाळेची सुधारणा आणि कृतिसंशोधन

श्रोतेहो, आपली शाळा सुधारावी असे कोणास वाटत नाही? इमारत चांगली हवी, साधने हवीत, ग्रंथालय हवे, अशा मागण्या पालक करतात, शिक्षकही करतात. आणि त्या रास्तच आहेत. परंतु एवढे सर्व लाभूनही प्रत्येक वर्गात दहाबारा मुले दरवर्षी त्याच ठिकाणी अडखळतात, आणि ती का अडखळतात हे वर्गशिक्षकावाचून अन्य कोणास सहसा कळत नाही. हे 'का' पद्धतशीरपणे शोधून, त्यावर उपाय योजून, तो लागू पडला की नाही हे प्रामाणिकपणे तपासण्याच्या रीतीस कृतिसंशोधन म्हणतात.

ही कल्पना मूळची शाळेतली नव्हे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली सामाजिक प्रश्नांच्या संदर्भात ती मांडली. योजना आखावी, ती अमलात आणावी, काय घडले ते पाहावे आणि त्या अनुभवावरून पुढची योजना आखावी, असा त्यांचा क्रम होता. १९५३ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील स्टीफन कोरी यांनी या विषयावर ग्रंथ लिहून ती शाळांच्या दारी आणली. पुढे १९७५ साली इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षकाने स्वतःच आपल्या अध्यापनाचा संशोधक व्हावे, हा विचार आग्रहाने मांडला. आपल्या देशात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या, आणि त्यांच्या कार्यात कृतिसंशोधनाला स्थान मिळाले.

आता एक साधे उदाहरण घेऊ. समजा, चौथीच्या वर्गात ३०२ मधून १४७ वजा करावयास सांगितले. उत्तर १५५ यावयास हवे. एका मुलाने २४५ लिहिले, दुसऱ्याने १६५. घाईत असलेला शिक्षक दोन्हीवर तांबडी फुली मारील आणि 'लक्ष नाही' असा शेरा देईल. वस्तुतः दोघांच्या अडचणी अगदी भिन्न आहेत. पहिला प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो. हातचा घेण्याची कल्पनाच त्याला उमगलेली नाही. दुसऱ्याने शतक सोडविले, त्याचे दहा दशक केले. पण त्यातील एक दशक एककाच्या घरी गेल्यावर नऊच उरतात, हे तो विसरला. दोघांना एकच औषध देऊन कसे चालेल?

येथे कृतिसंशोधनाचा आरंभ होतो. प्रथम प्रश्न लहान करावा. 'मुलांचे गणित कच्चे आहे' हा प्रश्न नव्हे, ती तक्रार झाली. 'मध्ये शून्य असलेल्या वजाबाकीत कोणती मुले कोणत्या प्रकारची चूक करतात?' हा प्रश्न होय. मग एक छोटी चाचणी घेऊन चुकांची वर्गवारी करावी, आणि मुलाला जवळ बसवून 'हे कसे केलेस, सांग पाहू' असे विचारावे. कारण ध्यानात आले की उपाय निश्चित करावा : काड्यांचे गठ्ठे देऊन शतक व दशक हातांनी सोडविण्याचा सराव, रोज पंधरा मिनिटे, तीन आठवडे. या काळात काय घडले याची टिपणे ठेवावीत. शेवटी त्याच तोडीची पण निराळ्या आकड्यांची चाचणी घ्यावी; आणि महिन्याभराने पुन्हा एक, कारण काल शिकलेले आज येणे म्हणजे शिकणे नव्हे.

यात दोन पथ्ये सांभाळावीत. एकाच वेळी चार उपाय करू नयेत. मग गुण कशाचा, हे कळत नाही. तद्वतच आपली टिपणे एखाद्या सहकाऱ्याला दाखवावीत, कारण आपल्या आवडत्या उपायाविषयी आपला डोळा नेहमीच थोडा पक्षपाती असतो.

एका वर्गातील अनुभवाला संशोधन म्हणावे काय, असा आक्षेप विद्वानांनी घेतला आहे. तो अगदीच निराधार नाही. चाळीस मुलांवरून साऱ्या देशाचा नियम बांधता येत नाही. परंतु शिक्षकाला देशाचा नियम बांधावयाचाच नसतो. आपल्या समोरच्या चाळीस मुलांना उद्या अधिक चांगले कसे शिकवावे, एवढेच त्याला ठरवावयाचे असते.

खरा धोका निराळाच आहे. पदवीसाठी अगर वरिष्ठांच्या मागणीखातर, ठराविक मथळ्यांखाली पाने भरून 'उपाय यशस्वी झाला' असे लिहून टाकण्याची प्रवृत्ती बळावली, तर कृतिसंशोधन हे आणखी एक दप्तर होऊन बसेल. म्हणून मुख्याध्यापकांवरही जबाबदारी येते. उपाय फसला असे मोकळेपणाने सांगणाऱ्या शिक्षकास त्यांनी दोष देऊ नये. फसलेल्या उपायाची खरी नोंद ही यशाच्या खोट्या अहवालाहून शाळेला शतपटीने उपयुक्त असते.

श्रोतेहो, '२४५' लिहिणाऱ्या मुलाला आपण एकदा 'मठ्ठ' म्हटले की पुढे पुष्कळदा तेही स्वतःला तसेच समजू लागते. त्याच्या उत्तरात एक विचार आहे, चुकीचा असला तरी सुसंगत आहे, हे ओळखणारा शिक्षक त्याला भेटला, तर त्याची वाट मोकळी होते. त्यासाठी खर्च म्हणाल तर एक वही, काड्यांचे काही गठ्ठे आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी, एवढाच.