फॉरमॅट मारण्याआधी

आपल्या मिरजेत जुने डेस्कटॉप अजून पुष्कळ चालतात, आणि ते हौसेनं ठेवलेले नाहीत. 1894 साली वानलेस हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. दवाखान्यांमागे लॅब आल्या. अशा लॅबमध्ये रक्त तपासायचं एखादं यंत्र सिरियल पोर्टच्या वायरीनं जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं असतं, आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढं चालतच नाही. यंत्र ठणठणीत आहे, म्हणून कॉम्प्युटरही जपावा लागतो. पत्रिका, बिलबुकं करणाऱ्या डीटीपीवाल्यांचंही तेच. त्यांची वर्षानुवर्षांची कामं पेजमेकरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडा, नवरा-नवरीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. या लोकांना 'टाकून द्या, नवीन घ्या' म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या ते कामाचं नाही.

असं मशीन वरचेवर हँग व्हायला लागलं की जो तो सांगतो, फॉरमॅट मारा. मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो. फॉरमॅट मारून पंख्यातली धूळ निघत नाही की फुगलेला कपॅसिटर दुरुस्त होत नाही. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल, तर उरलासुरला डेटा मात्र नक्की जातो. लॅबच्या सॉफ्टवेअरची सीडी तर बहुतेक ठिकाणी कधीच हरवलेली असते. म्हणून मशीन चालू आहे तोवर आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

मग मशीनकडं नीट बघा. स्क्रीन गोठली की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतली सिस्टीम जिवंत आहे, ती कशाची तरी वाट बघत अडकली आहे. पुष्कळदा ती वाट हार्ड डिस्कची असते. दिवा ढिम्म राहिला, तर मशीन पुरतं थांबलंय. रॅम, मदरबोर्ड, वीज किंवा उष्णता यांच्यावर संशय घ्यायचा. वेळही लिहून ठेवा. सकाळी बरं चालतं आणि दुपारी अडकतं? फक्त मोठी फाइल उघडताना अडकतं? की केव्हाही, कसलंच कारण नसताना? एका वहीत आठवडाभर एवढंच टिपलं तरी निम्मं काम होतं.

दुपारी अडकणाऱ्या मशीनचं कॅबिनेट उघडा. आधी वायर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीला टेकतो आणि प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. तापला की तो आधी आपला वेग उतरवतो, पुढं मशीन अडकतं किंवा झटकन बंद पडतं. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसेल, त्यावर जाऊ नका. पंखा सोडवून बाजूला घेतलात की खाली हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा जाड थर दिसतो, घोंगडीच्या तुकड्यासारखा, चिमटीनं अख्खा उचलता येतो. सतारमेकर गल्लीच्या आसपास त्यात लाकडाचा बारीक भुसाही सापडतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, भन्नाट फिरू दिलं तर बेअरिंग जातं. हीटसिंक काढलाच, तर खालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली दिसेल. ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावायची. जास्त लावून फायदा नाही.

वेळ-काळ न बघता अडकणाऱ्या मशीनची रॅम काढून बघा. आपल्याकडं 2005, 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचं पाणी चढलं, तेव्हा नदीकडच्या लोकांनी कॅबिनेट उचलून माडीवर नेली. अशा उचलाउचलीत रॅम स्लॉटमध्ये थोडी हलते, दमट हवेनं तिच्या सोनेरी पट्ट्या मळतात. शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबरानं त्या पट्ट्या हलक्या हातानं पुसा, चुरा झटका, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्कन बसेपर्यंत दाबून लावा. दोन रॅम असतील तर एकेकच लावून चालवा. एका वेळी एकच बदल करायचा. चार गोष्टी एकदम केल्या तर मशीन सुधारेल, पण कशानं सुधारलं ते कळणार नाही, आणि पुन्हा बिघडलं की पहिल्यापासून सुरुवात.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी उभे गोल डबे असतात, ते कपॅसिटर. त्यांचा माथा सपाट हवा. फुगीर दिसला किंवा माथ्यावर तपकिरी डाग वाळलेला दिसला, तर दुखणं तिथं आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रावण भरलेले असे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डमध्ये गेले होते, आणि त्या काळातली मशीनं अजून आपल्याकडं आहेत. डाग देण्यात हात बसलेला कारागीर ते बदलून देतो. मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात. मल्टिमीटर असेल तर मशीन चालू असताना बाहेर आलेल्या मोकळ्या पिवळ्या वायरीवर मोजा; 11.4 ते 12.6 व्होल्टच्या बाहेर आकडा गेला तर एसएमपीएसच बदला.

इंटरनेट लावलं की फक्त तेव्हाच मशीन कण्हत असेल, तर त्याला आजार नाही, आजची पानं त्याच्या रॅमला पेलवत नाहीत. शिवाय एक्सपीची सुरक्षा अपडेट 2014 मध्ये थांबली, विंडोज 7 ची 2020 मध्ये. म्हणून लॅबचं मशीन इंटरनेटला जोडूच नका.

राहिली हार्ड डिस्क. माउस हलतोय, कॅबिनेटवरचा लाल दिवा एकसारखा जळतोय, आतून टक-टक आवाज येतोय, अशी लक्षणं दिसली की डिस्कवर दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवू नका. प्रत्येक खेपेला ती आणखी झिजते. आधी आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, दुसऱ्या डिस्कवर करून घ्या. अशा प्रतीत विंडोज, लॅबचं सॉफ्टवेअर, फॉन्ट सगळं जसंच्या तसं येतं, काही नव्यानं टाकावं लागत नाही. मशीनला साटा जोडणी असेल तर प्रत एसएसडीवरच घ्या, जुनं मशीन वेगानंही सुधारतं. आणि काढलेली डिस्क दुकानात सोडून येऊ नका. तिच्यात पेशंटांचे रिपोर्ट आहेत, गिऱ्हाइकांची नावं-पत्ते आहेत. तारखेची चिठ्ठी चिकटवून ती आपल्याच कपाटात कुलपात ठेवा.