मुक्या जिवांची राखण आणि पहिले गिऱ्हाईक



'तरुणांसाठी नवे व्यवसाय' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी निवृत्त शिक्षक; व्यवसायाचा अनुभव म्हणाल तर शून्य. म्हणून माझ्या घरात घडलेली एक हकीकतच आपणांपुढे ठेवतो. माझी भाची बुलढाण्यात लोकांची कुत्री-मांजरे सांभाळते. घरधनी परगावी गेला की त्याच्या घरी जाऊन जनावराला खाऊपिऊ घालावे, फिरवावे, औषध द्यावे, आणि त्याबद्दल मोबदला घ्यावा, असा हा व्यवसाय.

मागील बाकांवर कोणी हसले. हसू द्या, प्रथम ऐकले तेव्हा मीही हसलो होतो. तिची आई तर रडली. "शिकून सवरून लोकांची कुत्री राखणार? उद्या स्थळ कोण आणील?" असा तिचा प्रश्न होता, आणि तो सर्वस्वी खोटा होता असे मी म्हणणार नाही.

वस्तुतः दुसऱ्याचे जनावर विश्वासाने सांभाळणे आपल्या वऱ्हाडाला नवे नाही. पहाटे आखरावर गावची गुरे जमत, गुराखी ती रानात नेई, आणि दर जनावरामागे ठरलेले धान्य त्याला मिळे. कोणती गाय मारकी, कोणती गाभण, कोणती पाण्याला भिते, हे धन्याहून त्यालाच अधिक ठाऊक असे. पोळ्याला आपण बैलांची पूजा केली. गुराख्याला मान किती दिला, हे ज्याचे त्याने आठवावे.

आता घरे बदलली. मुले पुण्या-मुंबईस, नातवंडे त्याहून दूर. बदलीवर आलेला नोकरदार भाड्याच्या घरात राहतो, त्याच्याजवळ कुत्रा असतो, आणि लग्नाला गावी जायचे तर त्या कुत्र्याचे काय करावे हा त्याला घोर पडतो. शेजारणीला किती वेळा सांगणार?

गरज होती, तथापि गिऱ्हाईक नव्हते. भाचीने छापील पत्रके वाटली, दोन महिन्यांत एकही माणूस आला नाही. आणि ज्यांची नावे या स्मरणिकेत दरवर्षी छापून येतात, अशा आपल्याच चार घरांतून तिला उत्तर मिळाले, "तुझ्या हाती घराची किल्ली कशी द्यावी, पोरी?" हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या उत्तरातच या धंद्याचे मर्म आहे. माणूस येथे कुत्रा सोपवत नाही, किल्ली सोपवतो. जाहिरातीने किल्ली मिळत नसते.

मग ती पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊ लागली. जनावर धरावे कसे, गोळी घशाखाली उतरवावी कशी, हे तिने तेथे पाहून पाहून शिकून घेतले. तेथल्याच ओळखीने एका बँकेतील गृहस्थांचे काम मिळाले. त्यांचा लॅब्राडोर जातीचा कुत्रा चार दिवस सांभाळायचा होता. ही मुलगी आधी तीन संध्याकाळी त्यांच्या घरी नुसती जाऊन बसली, कुत्र्याला तिचा वास ओळखीचा व्हावा म्हणून. खाण्याची वेळ, औषधे, डॉक्टरांचे नाव, फटाक्यांना भिऊन तो कोठे लपतो, हे सारे तिने वहीत लिहून घेतले. रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर छायाचित्र पाठवले. मोबदला थोडा घेतला, पण घेतला. फुकट केलेल्या कामाची जबाबदारी दोन्ही बाजूंना वाटत नाही, असे तिचे म्हणणे. ते मला पटते.

दुसऱ्याच कामात मात्र घात झाला. दार उघडताना मांजर निसटले. अशा वेळी धन्यास कळू नये, तोवर सापडेल, असा मोह कोणासही होईल. हिने त्याच घटकेस फोन केला, आणि जे ऐकून घ्यावे लागले ते ऐकून घेतले. घरातले मांजर बिथरले की बहुधा दूर जात नाही, जवळच अडचणीत दडून बसते आणि रात्री निजानीज झाली की हलते. तिने त्याचे अंथरूण व खाणे दाराशी ठेवले आणि दोन रात्री ती अंगणात बसून राहिली. मीही सोबतीस होतो. त्या माघातल्या थंडीची आठवण अजून आहे. दुसऱ्या पहाटे पाण्याच्या टाकीमागून ते बाहेर आले. तिने मोबदला घेतला नाही. पुढील पाच गिऱ्हाइके त्याच बाईंनी पाठवली.

या वाटेने जाणाऱ्यांस थोडे व्यवहाराचे सांगतो. ज्याला रेबीजची लस टोचलेली नाही असे जनावर स्वीकारू नये, आणि स्वतःही आधी लस घ्यावी. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुऊन तडक दवाखाना गाठावा. हळद-चुन्यावर भिस्त ठेवू नये. कुत्र्यास कांदा, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट देऊ नये. मांजरास आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी देणे म्हणजे विष देणे होय. उन्हाळ्यात बुलढाणा घाटावर असल्याने तेवढा दिलासा, पण खाली मलकापूर-शेगावकडे काम मिळाल्यास कुत्र्याला उजाडण्यापूर्वीच फिरवून आणावे. त्याला आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो, आणि तापलेल्या डांबरी सडकेवर त्याचे तळवे भाजतात.

एवढ्याने घर चालते का, असे कोणी विचारील. वर्षभर नाही. लग्नसराई व दिवाळी हे हंगाम. आषाढीला शेगावची पालखी पंढरपुरास निघते तेव्हाही एखाद-दुसरे काम येते. एरवी ती शिकवण्या घेते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

किल्ली नाकारणाऱ्या त्या चार घरांपैकी एका घरी यंदा पिल्लू आले आहे, असे ऐकतो. भाची डावीकडच्या तिसऱ्या रांगेत बसली आहे. मामाने भाचीची जाहिरात केली असे म्हणावयाचे असल्यास खुशाल म्हणा. दिवाळीत ज्यांना गावी जावयाचे असेल त्यांनी भोजनोत्तर तिची गाठ घ्यावी. मात्र लक्ष्मीपूजन ते भाऊबीज हे दिवस तिच्या वहीत आधीच भरले आहेत.