पोट साफ होते का, हे विचारायला लाजू नका

(वसतिगृहांच्या अधीक्षिका, स्वयंपाकघरातील ताई आणि पाड्यांवरील आरोग्यसेविका यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून मागच्या रांगेत हसू फुटले, ते मी पाहिले. हसा, हरकत नाही. पण ताप आला की आपण मुलाच्या कपाळाला हात लावतो आणि खोकला झाला की छाती ऐकतो. मग पोटाबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही आणि मूलही सांगत नाही. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातली मुलगी आठ-आठ दिवस पोट धरून बसेल, पण बाईंना सांगणार नाही. म्हणून आज हे उघड बोलायचे.

पोट ठीक आहे हे ओळखायचे कसे? रोज सकाळी परसाकडे झालेच पाहिजे, नाहीतर आजार, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कोणाला दिवसातून तीनदा होते, कोणाला आठवड्यातून तीनदा, दोन्ही ठीकच. पाहायचे ते वेगळेच. शी मऊ, पिकल्या केळ्यासारखी सलग आहे का? कुंथावे न लागता होते का? झाल्यावर पोट हलके वाटते का? इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी १९९७ साली शौचाच्या सात प्रकारांचा एक तक्ता छापला. त्याच्या एका टोकाला शेळीच्या लेंड्या आहेत आणि दुसऱ्या टोकाला नुसते पाणी. आपल्याला हवे ते मधले. शेळ्या राखणाऱ्या मुलांना हा तक्ता समजावून सांगावा लागत नाही!

अंगावर पिणाऱ्या बाळाचे गणित निराळे आहे. ते दिवसातून सहा वेळाही शी करील आणि महिना-दीड महिन्यानंतर चार-पाच दिवस करणारही नाही. शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, तर त्याला घुटी, एरंडेल काही देऊ नका.

आता वसतिगृहाकडे येऊ. एखादी मुलगी अर्धेच ताट खाते, चिडचिड करते, पोट दगडासारखे लागते. आणि एक गोष्ट अधीक्षिकांनी फार लक्षात ठेवावी: तिची चड्डी पातळ शीने डागळते. आपल्याला वाटते जुलाब झाले, किंवा मोठी घोडी होऊन मुद्दाम करते, आणि आपण चारचौघींत रागावतो. खरे पाहता आत खडा धरलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. तिला ते कळतही नाही. त्या मुलीला रागावणे हा अन्याय आहे, आणि जुलाब थांबवायची गोळी देणे तर आगीत तेल.

खडा का धरतो? पहिले कारण म्हणजे दाबून ठेवणे. पोटात अन्न गेले की आतडे हलते आणि कळ येते. सकाळच्या न्याहारीनंतर तर हमखास. आपले वेळापत्रक मात्र उलटे. पहाटे घंटा, संडासापुढे रांग, मग प्रार्थना, न्याहारी आणि लगेच शाळा. कळ येते तेव्हा मूल वर्गात असते. कळ दोनदा-तीनदा दाबली की ती येईनाशी होते. मळ आत राहतो, आतडे त्यातले पाणी शोषून घेते, तो कडक होतो. मग दुखते, आणि दुखते म्हणून मूल आणखी दाबते. न्याहारीनंतर पंधरा मिनिटे मोकळी ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरे कारण ताटात आहे. घरी मूल नागलीची भाकरी, वरई, उडदाचे बेसन आणि पावसाळ्यात टाकळा, कुरडू खात होते. आपल्याकडे आले आणि दोन्ही वेळा पांढरा भात, पातळ वरण, बटाटा. वर पाहुणे येताना बिस्किटांचे पुडे आणतात, प्रेमाने आणतात. शंभर ग्रॅम नागलीत साधारण ११ ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमच्या आत. हा चोथा पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ राखतो. डेनिस बर्किट नावाचे देवभीरू आयरिश शल्यचिकित्सक पुष्कळ वर्षे आफ्रिकेतल्या युगांडात होते. तिथले खेडूत आणि इंग्लंडमधले लोक यांच्या शौचाचे वजन आणि अन्न पोटातून जायला लागणारा वेळ यांची त्यांनी तुलना केली. खेडुतांचे वजन कितीतरी जास्त, वेळ कितीतरी कमी. कारण ते भरड धान्य आणि कंद खात. गरिबाचे म्हणून ज्याला नाक मुरडले जाते, ते अन्न त्यांनी सगळ्या जगापुढे मांडले. आपल्या मुली मात्र नागलीची भाकरी खायला लाजतात, कारण ती काळी दिसते.

तेव्हा स्वयंपाकघरातल्या तायांना विनंती: आठवड्यातून चार दिवस तरी नागली ताटात येऊ द्या, भाकरी नाहीतर आंबील. मटकी मोड आणून शिजवा. पेरू बियांसकट, पपई, पिकलेले केळे द्या. उन्हाळ्यात करवंदे, पुढे जांभळे आहेतच. एकदम वाढवू नका, वारा धरतो. हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर ठेवा. होळीनंतर विहिरी आटतात तेव्हा मुली पाणीच कमी पितात. संडासात पाणी नसते, मग जायलाच नको म्हणून. हे मी अनेकींच्या तोंडून ऐकले आहे.

एवढ्याने भागले नाही तर मोठ्या माणसाने रात्री चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात घ्यावा. कोरडा कधीही खाऊ नये, घशात फुगून अडकतो. पण जेपाळ? मुळीच नाही. झाडाचे बी असले तरी ते विषारी आहे, त्याने मूल दगावू शकते. गरोदर बाईला एरंडेल देऊ नका. आणि काही पाड्यांवर पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या सळईने डाग देतात. भगतावर न चिडता, पण ठामपणे ते थांबवा आणि बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

लोहाच्या गोळ्यांबद्दल आरोग्यसेविकांशी बोलायचे आहे. त्या घेतल्या की शी काळी होते आणि पुष्कळ जणींना खडाही धरतो. बाई घाबरते, गोळ्या फळीवर पडून राहतात आणि बाळंतपणात रक्त कमी पडते. गोळी हाती देतानाच सांगा की शी काळी होईल, भिऊ नको. जेवल्यावर घे, चहाबरोबर नको, पाणी आणि पालेभाजी वाढव. त्रास झाला तर मला सांग, पण टाकून देऊ नकोस.

मात्र डांबरासारखी काळी, चिकट आणि फार घाण वास येणारी शी म्हणजे आत रक्त वाहत असू शकते. तिथे थांबायचे नाही. शीतून रक्त, पोट फुगून उलट्या आणि वाराही सरत नाही, पांढुरकी शी आणि पिवळे डोळे, वजन उतरणे, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यांतले काहीही दिसले तर घरगुती उपाय नकोत, सरळ डॉक्टर. मुलाला जुलाब लागले तर पहिल्यापासून ओआरएस, अंगावरचे दूध आणि पेज चालू, आणि झिंकची गोळी पुरे चौदा दिवस. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी एकाही मुलाची चुकू देऊ नका.

अधीक्षिकांकडे शेवटचे एक काम. सुट्टीवरून मुली परत येण्याआधी प्रत्येक संडासात स्वतः जा. दार लावून पाहा, कडी आतून बसते का. बादली, मग आहे का. रात्री दिवा लागतो का. जिथे नाही त्याची यादी कागदावर लिहून कार्यालयात द्या, आणि काम होईपर्यंत दर आठवड्याला विचारा.