घरचा संगणक, लिनक्स आणि खेळ

तेलंगणाच्या उत्तरेस, नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत, भैंसा हे कापसाच्या व्यापाराचे गाव आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ साली जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हापासून ते निर्मल जिल्ह्यात गणले जाते. येथील बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. शेतकरी एका भाषेत बोलतो, व्यापारी दुसऱ्या. तरी सौदा अडत नाही, कारण दोन्ही भाषा जाणणारा कोणीतरी दुभाषी मध्ये उभा असतो. आजचा विषय संगणकाचा आहे खरा. परंतु या दुभाष्याची आठवण शेवटपर्यंत उपयोगी पडणार आहे.

समजा, अशा गावातील एका घरी नऊ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला एक संगणक आहे. वडील त्यावर दुकानाचा हिशेब ठेवतात. मुलगी त्यावर अभ्यास करते; जवळच्या बासरच्या तंत्रशिक्षण विद्यापीठात प्रवेश मिळावा अशी तिची आकांक्षा आहे. धाकटा मुलगा संधी मिळताच त्यावर खेळतो. यंत्र अद्याप धडधाकट आहे. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत देण्यात आली, एवढेच. पुढची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या यंत्रांना अधिकृतपणे स्वीकारीत नाही. अशा वेळी मुलगा म्हणतो, "बाबा, नवा संगणक घेऊ या." वडील म्हणतात, "याला झाले आहे तरी काय?" दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. तेथेच लिनक्सचे नाव निघते, आणि मुलाचा पहिला प्रश्न असतो, "पण त्यावर माझे खेळ चालतील का?"

हा प्रश्न पोरकट म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. ज्या यंत्रावर मुले रमत नाहीत, ते यंत्र घरात फार काळ वापरले जात नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. आज जगातील बहुसंख्य मोठे सर्व्हर त्यावर चालतात. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. भारतात सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केली, तर केरळातील सरकारी शाळांतून मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. तेव्हा लिनक्स कामाला येते की नाही, हा वाद मिटलेला आहे. प्रश्न उरतो तो खेळांचा.

खेळ लिहिणारे लोक विंडोजसाठी लिहितात, कारण गिऱ्हाईक तेथे आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेने भारतीय पुराणकथांच्या आधारे रचलेला 'राजी' हा खेळ २०२० साली जगापुढे आला, तोही संगणकापुरता विंडोजसाठीच. गिऱ्हाईक नाही म्हणून खेळ नाहीत, आणि खेळ नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, असे हे चक्र अनेक वर्षे फिरत राहिले.

ते चक्र फोडले दुभाष्याने. १९९३ साली 'वाइन' नावाचा उपक्रम सुरू झाला. विंडोजसाठी लिहिलेला कार्यक्रम जी मागणी करतो, ती वाइन समजून घेते आणि लिनक्सला कळेल अशा रीतीने पुढे पोचविते. येथे विंडोजचे सोंग उभे केलेले नसते. केवळ भाषांतर होत असते. याच पायावर व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' आपल्या स्टीम या दुकानातून सर्वांच्या हाती दिले. चित्रे रेखाटण्याच्या आज्ञा विंडोजच्या डायरेक्ट-थ्रीडी भाषेतून व्हल्कन या खुल्या भाषेत उतरविण्याची सोय त्यात होती. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीचे स्टीम डेक हे हातात धरून खेळावयाचे यंत्र निघाले. ते मुळातच लिनक्सवर चालते. त्यामुळे हजारो खेळ तपासले गेले, दुरुस्त झाले. आज एकट्याने खेळावयाच्या खेळांपैकी फार मोठा भाग लिनक्सवर विनासायास चालतो. काही खेळांत वेग किंचित उणा पडतो, काहींत फरक जाणवतही नाही.

मग प्रश्न सुटला काय? पूर्णपणे नव्हे. दुभाषी कितीही हुशार असला, तरी दारावरचा रखवालदार त्याला आत येऊ देईल तरच त्याचा उपयोग. पुष्कळांनी मिळून खेळावयाच्या चुरशीच्या खेळांत लबाडी होऊ नये म्हणून असे रखवालदार नेमलेले असतात, आणि त्यांपैकी काही संगणकाच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतात. 'व्हॅलोरंट' आणि 'फोर्टनाइट' हे खेळ लिनक्सवर चालत नाहीत ते यामुळेच. यांत अडचण केवळ तांत्रिक नाही. दोन प्रमुख रखवालदार-प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनची सोय करून ठेवली होती. ती वापरावयाची की नाही, हे खेळाच्या मालकावर सोपविलेले आहे. 'एपेक्स लेजेंड्स'च्या मालकांनी ती परवानगी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, लबाडीचे कारण सांगून, परतही घेतली. काल चालणारा खेळ आज बंद पडला. याउलट 'काउंटर-स्ट्राइक २' आणि 'डोटा २' हे तितकेच चुरशीचे खेळ लिनक्ससाठी मुद्दाम तयार केलेले आहेत.

दुसरी अडचण यंत्राच्या वयाची. लिनक्स जुन्या यंत्राला जीवदान देते हे खरे. परंतु वर सांगितलेल्या भाषांतराला व्हल्कन जाणणारा चित्रविभाग लागतो. २०१५ नंतरच्या यंत्रांत तो बहुधा असतो. त्याहून जुन्या यंत्रांवर हलक्या आणि जुन्या खेळांवरच समाधान मानावे लागते. शिवाय इंटेल आणि एएमडी यांच्या चित्रविभागाचे चालक-कार्यक्रम लिनक्सबरोबरच येतात, तर एनव्हिडियाचे पुष्कळदा वेगळे बसवावे लागतात. नवख्या माणसाचा गोंधळ येथेच होतो.

आणखी एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. हा सारा डोलारा मुख्यत्वे एका कंपनीच्या पैशावर उभा आहे, आणि मायक्रोसॉफ्टवर अवलंबून राहणे धोक्याचे वाटल्यानेच ती या मार्गाला लागली. उद्या तिचा हिशेब बदलला तर? याचे उत्तर असे की प्रोटॉन आणि वाइन यांची मूळ लेखी घडण सर्वांसाठी खुली आहे. एकाने हात काढला तरी दुसऱ्याला ते काम पुढे नेता येते. मालकाच्या मर्जीने कुलूप लागणाऱ्या वस्तूत आणि या वस्तूत तेवढा फरक निश्चित आहे.

तेव्हा त्या घराने काय करावे? प्रथम मुलाने आपल्या खेळांची यादी लिहून काढावी. 'प्रोटॉन-डीबी' या खुल्या नोंदवहीत कोणता खेळ कसा चालतो, हे खेळणाऱ्यांनीच नोंदविलेले असते. तेथे एकेक नाव तपासावे. नंतर हिशेबाच्या आणि अभ्यासाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. त्यानंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. आत काहीही न बदलता अशी परीक्षा घेता येते. दुकानाचा हिशेब ज्या कार्यक्रमात आहे, तो चालतो की नाही हेही त्याच वेळी पाहावे. यादीतील खेळ एकट्याने खेळावयाचे असतील, तर नव्या यंत्राचा खर्च बहुधा वाचेल. परंतु मुलाचे सारे सवंगडी ज्या खेळात रोज संध्याकाळी एकत्र जमतात, त्याच्या दाराशी रखवालदार उभा असेल, तर ते आधीच सांगून टाकावे. काटकसरीपायी मूल मित्रांपासून तुटले, तर ती बचत महागात पडते.

लिनक्स रोजच्या खेळासाठी तयार आहे काय, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. बाजारात दुभाषी आला आहे, तो आपले काम चोख करतो आहे, आणि बहुतेक दुकाने त्याला ओळखू लागली आहेत. काही दारे अद्याप बंद आहेत. ती उघडणे त्याच्या हाती नाही. आपल्याला कोणत्या दुकानात जावयाचे आहे, हे मात्र ज्याचे त्याने घरून निघण्यापूर्वी ठरवावे.