बातमीची पहिली कसोटी



सकाळी दारात वृत्तपत्र पडते, तेव्हा बातमी तयार झालेली असते. ती कशी घडते, याचा विचार वाचक क्वचितच करतो. काय, कोठे, केव्हा, कोणी, का आणि कसे, या सहा प्रश्नांची उत्तरे हा बातमीचा सांगाडा. बातमीदार ती घटनास्थळी जाऊन, कागदपत्रे पाहून आणि संबंधितांशी बोलून मिळवितो. उपसंपादक मजकूर तपासतो, आटोपशीर करतो, मथळा देतो. महत्त्वाचे आधी, तपशील नंतर. कारण जागा अपुरी पडली की कात्री शेवटून चालते. मतासाठी अग्रलेखाची जागा स्वतंत्र राखलेली असते.

या साऱ्याच्या आधी मात्र एक प्रश्न उभा असतो : मिळालेली माहिती खरी कशावरून?

मराठी पत्रसृष्टीने या प्रश्नाची किंमत फार लवकर मोजली. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत असल्याची वार्ता त्या काळी पसरली होती. संस्थानचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे या वृत्तपत्रांच्या चालकांपर्यंत पोहोचली. त्यांच्या आधारे बर्व्यांवर कठोर टीका झाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरमध्ये सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले.

त्यांचा हेतू शुद्ध होता, लोकमत पाठीशी होते. पण हाती आलेला कागद खोटा होता. जी बातमी स्वतःच्या मनाला चटकन पटते, तीच अधिक कठोरपणे तपासावी लागते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आज भ्रमणध्वनीमुळे प्रत्येक कार्यकर्ता आणि प्रत्येक गृहिणी बातमी पसरविणारी झाली आहे. म्हणून संदेश पुढे धाडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. हे मूळ कोणी सांगितले? दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून त्यास दुजोरा आहे काय? ज्याच्यावर आरोप आहे, त्याचे म्हणणे कोणी विचारले काय? उत्तर मिळेपर्यंत थांबावे. आणि चूक झालीच, तर ज्यांना ती बातमी पाठविली, त्या प्रत्येकाला दुरुस्तीही पाठवावी.